घर विकणे आहे, शेजाऱ्यासकट

दलालानं बजावलं होतं, "साहेब, शेजाऱ्याचा विषयच काढू नोका." मी काढणारही नव्हतो. पण गिऱ्हाइकासोबत त्याचा मामा आला. दिवाणी कोर्टात पेशकारी करून रिटायर झालेला, बगलेत डायरी. भाचा बेडरूमच्या ताज्या पिस्ता रंगाचं कौतुक करत होता. मामांनी मात्र थेट कूलरसमोरची खुर्ची धरली.

"शेजाऱ्याशी वाद?"

"तसं काही नाही."

"तसं नाही, तं कसं हाय?"

आयुष्यभर साक्षीदार पाहिलेला माणूस. मी भडाभडा बोललोच. बाजूच्यानं कंपाउंडच्या भिंतीवर स्टँड ठोकून कूलर बसवला, पाणी माझ्या हद्दीत गळतं.

"कोण्या साली?"

"२०१७."

"पोलिसात?"

"एनसी आहे, अदखलपात्र तक्रार."

"कोनं केली?"

"मी. मग त्यानंही."

"त्यानं कायपायी?"

"त्याच्या कूलरच्या खसच्या ताट्या मी विळ्यानं कापल्या, म्हणून."

मामांचा पेन थांबला. "ओल्या होत्या का कोरड्या?"

आता, नागपुरात कूलर ही वस्तू नाही, घरातला माणूस आहे. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो, त्याला नवी खस लागते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सगळं घर त्याच्याकडे तोंड करून झोपतं. हे मला मान्य आहे. पण तो माझ्या भिंतीवर का? लेआउटच्या नकाशात दोन घरांमध्ये मोकळी जागा दाखवली आहे. ती फक्त नकाशातच. तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच आहे, साहेब मात्र अजून पोचले नाहीत. आठ उन्हाळे झाले!

"ओल्या," मी कबूल केलं.

"म्हंजे चालू कूलरच्या." त्यांनी लिहून घेतलं. "पाहा भाऊ, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. घरात नाहीतं मालकीहक्कात मोठा दोष असन, विकनाऱ्याले ठाऊक असन अन् घेनाऱ्याले नीट पाहूनही दिसत नसन, तं तो सांगाच लागते."

"शेजारी दोषात मोडतो का?"

"शेजारी तं दिसतेच ना!" मामा उठले. "थांबा, दुसरी बाजू ऐकून येतो."

आणि गेले की शेजारी! पाऊण तास. मधूनमधून हसण्याचा आवाज. आठ वर्षांत त्या माणसानं मला घोटभर पाणी विचारलं नाही (गळकं सोडून), आणि मामा परतले ते मिशीला पन्हं लावून. निघताना माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आरोपीकडे पाहतात.

संध्याकाळी दलालाचा फोन. "साहेब, पार्टी तीन लाख कमी म्हणून राहिली."

"भांडणाचे?"

"भांडणाचं काही नाही म्हणे. बेडरूमच्या भिंतीत ओल हाय, पुट्टीखाली दाबली. बाजूवाल्यानं सांगितलं."

"अन् ती ओल कोणाच्या कूलरची, ते सांगितलं का त्यानं?"

"ते त्यायनं नाही विचारलं, साहेब."