‘काकू, पुढच्या वर्षी येतीलच की परत!’

रविवारी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर एका मुलाने मला हे उत्तर दिलं. विशी-बाविशीचा असेल, बोलायला अगदी नम्र. त्याच्या दहा-बारा जणांच्या ग्रुपने सोनकीच्या ताटव्यात चादर अंथरली होती. डबे उघडले होते, दोघी फुलांत आडव्या पडून रील करत होत्या. मी म्हटलं, ‘अरे बाळा, जरा पायवाटेवर बसा ना, फुलं चेपतायत.’ त्यावर तो हे म्हणाला. मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहिते.

नाही रे, येतीलच असं नाही.

वसंत म्हटलं की आपण फाल्गुन-चैत्र म्हणतो. पेठ-हरसूलकडे तेव्हा पळस आणि पांगारा पेटलेला असतो, तेही खरंच. पण सह्याद्रीच्या कातळाचा वसंत भाद्रपदातला. घळीतल्या पायऱ्या चढून, जैन लेणी मागे टाकून वर आलात की एकदम वारा अंगावर येतो आणि समोर पिवळी सोनकी, मधेमधे गुलाबी तेरडा. आईचा हात धरून मी पहिल्यांदा वर गेले होते, तेव्हाही हेच दिसलं होतं. दरवर्षी तिथे पोचले की मला बोलणं सुचत नाही.

आता खाली वाका. ओल्या कातळावर, जिथे पाणी नुसतं झिरपत असतं, तिथे नखाएवढी निळी-जांभळी फुलं दिसतील. ती सीतेची आसवं. पंचवटीच्या गावात राहून हे नाव ज्याने ऐकलं नाही, त्याने एकदा तरी ती गुडघ्यावर बसून बघावीत. त्या मातीत पोषण जवळजवळ नसतंच. म्हणून या वनस्पतीने ओल्या मातीत अगदी बारीक पिशव्या पसरलेल्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून ती पोट भरते. कातळावरची ती माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. तिच्यावर दहा माणसं तासभर बसली की ती दाबली जाते, उखडते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. तशी माती पुन्हा जमायला किती पावसाळे लागतील?

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण सहज म्हणतो. पण त्या थोड्या दिवसांत त्याला बी धरायचं असतं. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फट्कन फुटते आणि बी उडतं. ते बी म्हणजेच पुढच्या वर्षीचा तेरडा. शेंग धरण्याआधीच रोप चेपलं, तर पुढच्या भाद्रपदात तिथे काय उगवणार? कारवीचं तर याहून अवघड. ती सात वर्षं थांबते, एकदाच फुलते, बी देते आणि मरते. तिची फुललेली फांदी मोडून केसांत खोचली की सात वर्षांची वाट फुकट गेली.

आणि एक वनस्पती तर या डोंगराच्याच नावाची आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पांच्या कुळातली. २००६ मध्ये तिला हे शास्त्रीय नाव मिळालं. या कुळातल्या फुलाची नळी आतून केसाळ असते. बारीक माशी आत शिरते आणि अडकते. केस सुकले की ती सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. इतकं नाजूक काम चालू असतं तिथे. मी ती कुठे पाहिली, ते इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका, इनबॉक्समध्येही नको. तुम्हाला दिसली तर फोटो जरूर टाका, जागा मात्र सांगू नका.

काही जण म्हणतील, गुरं चरतात त्याचं काय? हेच मी उतरताना पायथ्याशी काकड्या विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘गुरं चरत चरत फुडं निघून जात्यात ताई. मानसं एकाच जागी बसून ऱ्हात्यात.’ त्यांचा सगळा जन्म त्या डोंगराखाली गेलाय. मला त्यांचं पटलं.

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराला तिकीट आहे, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे. अंजनेरीलाही निदान भाद्रपद-आश्विनातल्या शनिवार-रविवारी तशी मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. अंजनीमातेच्या दर्शनाला जाणाऱ्यांना कोणी अडवू नये, त्यांची वाट ठरलेली आहे. प्रश्न वाट सोडणाऱ्यांचा आहे. मीही कॉलेजात असताना याच सोनकीत बसून फोटो काढलाय. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या मुलालाही बहुधा कोणी सांगितलं नसेल.

येत्या बुधवारी सकाळी सातला मी अंजनेरी फाट्यावर असेन. पाच जणांना बरोबर नेईन, त्याहून जास्त नको. डबा खाली उतरल्यावर खाऊ. छोटं भिंग असेल तर आणा, सीतेची आसवं त्यातून बघायची आहेत.