व्हॉट्सॲपवर वाहून जाणारी माहिती नकाशावर टाका

दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "स्टेशनकडे जाताना पाणी भरलंय का?" मग धडाधड उत्तरं येतात, कोण म्हणतं सबवेत आहे, कोण म्हणतं सिग्नलपाशी गुडघ्याएवढं आहे पण मागच्या गल्लीतून निघता येईल, कोणी फोटो टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पन्नास मेसेजच्या खाली गाडलं जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरं. म्हणजे माहिती आपल्याकडे आहे, चांगली आहे, रोज त्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाने दिलेली आहे, फक्त ती ठेवायला जागा नाही. तर माझं स्पष्ट मत आहे की ही जागा म्हणजे आपण स्वतः बनवलेला नकाशा, आणि नेरूळ, वाशी, ऐरोली, ठाणे, कुठेही राहणाऱ्या माणसाने असा एक तरी बनवावा.

नकाशा म्हटलं की आपल्याला वाटतं तो कंपनी बनवते आणि आपण बघतो. पण सुरुवातच उलटी झालेली आहे. गूगल मॅप्स २००५ मध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत पॉल रॅडमाकर नावाच्या प्रोग्रॅमरने, भाड्याचं घर शोधताना रोज जाहिराती वाचून पत्ते शोधून कंटाळल्यामुळे, क्रेगलिस्ट नावाच्या जाहिरातींच्या वेबसाइटवरच्या घरांच्या जाहिराती उचलून त्या नकाशावर पिना म्हणून लावल्या. तेव्हा बाहेरच्या माणसाने असं करायची अधिकृत सोयसुद्धा नव्हती, त्याने स्वतः खटपट करून जमवलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गूगलने ती सोय सगळ्यांना खुली केली. २००७ मध्ये गूगलचंच माय मॅप्स आलं, ज्यात आपला नकाशा आपल्याला बनवता येतो आणि कोडिंगचं को सुद्धा यायची गरज नाही. त्याच्याही आधीपासून, २००४ पासून, ओपनस्ट्रीटमॅप आहे, जो मुळात लोकांनीच भरलेला नकाशा आहे, आणि त्याच्यावर आपला नकाशा बनवायची यूमॅप नावाची फुकट सोय आहे. सगळं हाताशी आहे आणि आपण त्याचा वापर काय करतो तर मिसळ कुठे चांगली मिळते त्याच्या पिना लावतो. तेही करावं, ठाण्यात मामलेदारची पिन लावावीच, पण तेवढ्यावर थांबू नये.

मी बनवलेला आणि सगळ्यात जास्त वापरला गेलेला नकाशा बाकड्यांचा आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला चालायचं असतं, डॉक्टरांनीही चाला म्हणून सांगितलंय, पण थोडं अंतर झालं की बसावं लागतं आणि पुढे बसायला मिळेल की नाही याची खात्री नसली की ती घरातून निघतच नाही. मग घर ते मंडई, घर ते स्टेशन, घर ते बँक या रस्त्यांवरची सगळी बाकडी, सोसायट्यांच्या गेटबाहेरचे कट्टे, बसस्टॉप, देवळाच्या पायऱ्या असं सगळं टाकलं. प्रत्येक पिनेत दोन ओळी. एक तशीच इथे देते: "पाठ टेकायला आहे. सकाळी सावली, संध्याकाळी ऊन तोंडावर. उंची बरी, उठताना हाताला धरायला शेजारी रेलिंग आहे." यातलं रेलिंगचं वाक्य आईने घालायला लावलं, कारण म्हाताऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठणं अवघड असतं हे तिलाच माहीत. दुसऱ्या लेयरमध्ये, म्हणजे त्याच नकाशावरच्या वेगळ्या थरात, स्वच्छतागृहं, आणि त्यात पाणी असतं का, कडी लागते का, पायरी किती उंच आहे. तिसऱ्यात फुटपाथ जिथे मध्येच संपतो आणि गाड्यांमधून चालावं लागतं त्या जागा. आता आई स्वतः फोनवर बघते आणि मैत्रिणींना घेऊन निघते, आणि तिच्या एका मैत्रिणीने तर फोन करून सांगितलं की अगं अमुक बाकडं तुटलंय, लाल कर ते. हा नकाशा जगातली कुठलीही कंपनी आपणहून बनवणार नाही, कारण बाकड्यावर बसायला पैसे पडत नाहीत.

आता पाण्याचं. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर आणि मिठागरांवर भराव टाकून उभा आहे, काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर शहर आखतानाच धारण तलाव ठेवले, म्हणजे भरती असताना पावसाचं पाणी तिथे थांबायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं. त्यामुळे आपल्याकडे पाणी साचण्याची दोन वेगळी कारणं असतात, एक म्हणजे जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येणं, आणि दुसरं म्हणजे सरळसरळ गटार तुंबणं. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये हा फरक कधीच कळत नाही. नकाशावर कळतो, जर प्रत्येक पिनेला तारीख, वेळ आणि पाणी किती ते लिहिलं तर. आम्ही रंग ठरवलेत, घोट्याएवढं पिवळा, गुडघ्याएवढं केशरी, त्याच्या वर लाल. मग त्या दिवशीची भरतीची वेळ शेजारी ठेवून बघितलं की दिसतं, काही ठिकाणं फक्त भरतीच्या तासांतच रंगतात आणि काही ठिकाणं ओहोटी असली तरी, साध्या पावसातही. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी भरतीला दोष देता येत नाही, तिथे गटार साफ करायला सांगायचं, आणि तेव्हा हातात कागद असला की बोलणं वेगळं होतं, "इथे नेहमी पाणी भरतं हो" म्हणणं आणि दोन पावसाळ्यांचे तारीखवार ठिपके समोर ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१५ ला चेन्नईत पूर आला तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं, ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला एक नकाशा केला गेला, लोक आपापल्या गल्लीवर क्लिक करून इथे पाणी आहे असं कळवत होते आणि तो तुकडा रंगत होता. पूर आल्यावर जे होऊ शकतं ते आधीपासून का करून ठेवू नये?

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गावठाणाचा नकाशा, आणि याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली गेली, नोड म्हणजे वाशी-नेरूळसारखे विभाग पडले, सेक्टर पडले. आज आपण पत्ता सांगताना सेक्टर सांगतो, प्लॉट नंबर सांगतो, आणि या आकड्यांच्या मधोमध जुनी आगरी-कोळी गावं आहेत, ज्यांच्या गल्ल्या नकाशावर धड दिसतही नाहीत, नुसता एक करडा पट्टा. आमच्याजवळच्या गावठाणातले एक आजोबा आहेत, माझ्या मित्राचे आजोबा. आम्ही त्यांच्यासमोर लॅपटॉपवर सॅटेलाइट व्ह्यू उघडला. आधी त्यांना काही लागेना, नुसत्या छतांची गर्दी. मग देऊळ सापडलं, मग डोंगर, आणि त्या दोन खुणा धरून त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवायला सुरुवात केली. "इकरं आमची शेता होती." इथून बांध जायचा. इथे उघाडी होती, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची. इथे मिठागर. इथे होड्या लागायच्या, इथे निवट्या आणि चिंबोऱ्या मिळायच्या. ते बोलत होते तशी मित्र रेषा ओढत होता, आणि बांधाची रेष पूर्ण झाली तेव्हा आम्ही ती आताच्या रस्त्यांवर ठेवून पाहिली, तर ती एका मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमधून, एका शाळेच्या मैदानाच्या कडेने आणि बरोब्बर त्या कोपऱ्यावरून जात होती जिथे आमच्या पाण्याच्या नकाशात सतत लाल ठिपके पडतात. उघाडीची जागा तीच. पाण्याला जुनी वाट माहीत आहे आणि आजोबांनाही, आपल्याला मात्र कोणी सांगितलेलं नाही.

ज्यांना हे डोळ्यांनी बघायचंय त्यांनी गूगल अर्थचं टाइमलॅप्स उघडून नवी मुंबईवर जावं, १९८४ पासूनची सॅटेलाइट चित्रं एकामागून एक दिसतात, हिरवं आणि पाणथळ हळूहळू करडं होत जातं. १९८४ म्हणजे तेच वर्ष ज्या वर्षी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण-जासईचं आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली, आणि ज्याच्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा हक्क मिळाला. त्या आंदोलनाच्या जागा, मोर्चा गेलेला रस्ता, गावोगावच्या माणसांच्या आठवणी, हे सगळं एका नकाशावर आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, प्रत्येक पिनेत फोटो आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगची लिंक. नैरोबीत किबेरा नावाची प्रचंड मोठी झोपडवस्ती आहे, नकाशावर ती जवळजवळ कोरी होती, २००९ मध्ये तिथल्याच तरुण पोरांनी जीपीएस घेऊन गल्ली न् गल्ली फिरून ती ओपनस्ट्रीटमॅपवर भरली, दवाखाने, शाळा, पाण्याचे नळ, संडास सगळं. तिथल्या पोरांना जमलं तर आपल्याकडच्या दिवाळे गावच्या, करावेच्या, घणसोलीच्या, कोपरखैरण्याच्या पोरांना का जमू नये, फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे. घाई एवढ्यासाठी की आजोबांच्या वयाची माणसं कमी होत चाललीत.

बाकी उपयोग कितीतरी आहेत. फ्लेमिंगो बघणाऱ्यांनी जागा आणि भरतीची वेळ एकत्र टाकावी, कारण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या ठिकाणी येऊन थांबतात, नुसती जागा माहीत असून उपयोग नाही. (ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली, एवढं मोठं वैभव दाराशी आहे आपल्या.) ठाण्यातली माझी आत्तेबहीण तलावांचा नकाशा करतेय, मासुंदा, कचराळी, उपवन सगळ्यांना माहीत आहेत, पण तिला बुजलेले तलावही हवेत, आणि ते फक्त जुन्या ठाणेकरांना विचारूनच सापडतात. झाडांचा करा, ताम्हण कुठे, बहावा कुठे, कुठल्या महिन्यात फुललं. आमच्या घरचा एक नकाशा आहे, खेडहून निघालेले पणजोबा, परळची चाळ, मग वाशी, मग नेरूळ, रेषांनी जोडलेलं, आणि लहान भाच्याला तो सगळ्यात आवडतो. आपल्या वेळी तिसरीला आपापल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा, मुलांना घेऊन आपल्या वॉर्डाचा भूगोल बनवायला शिक्षकांना एक लॅपटॉप पुरेल.

करायचं कसं म्हणाल तर माय मॅप्सवर लॅपटॉपने बसा, नवीन नकाशा उघडा, दहा लेयरपर्यंत जागा आहे. खूप माहिती असेल तर आधी एक्सेलसारख्या शीटमध्ये भरा आणि एकदम आत घ्या. आपल्याकडे सेक्टर-प्लॉटचा पत्ता टाकला की पिन कधीकधी भलत्याच गल्लीत पडते, म्हणून जागेवर उभं राहून फोनमधल्या मॅपवर बोट दाबून धरायचं आणि जे आकडे येतात ते घ्यायचे, आधी अक्षांश, मग रेखांश. नेरूळ साधारण १९ आणि ७३ आहे, हे उलटं झालं तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, तेव्हा क्रम बघून टाका. आणि एका नकाशाचं एकच काम ठेवा, सगळं एकात कोंबलं की कोणी उघडत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं, पक्ष्यांची घरटी, मुलांच्या शाळेच्या बसचे थांबे आणि वेळा, हे उघड्या लिंकवर टाकायचं नाही म्हणजे नाही, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी. बदल करायचा अधिकार दोन-तीन विश्वासातल्या माणसांना, बाकीच्यांना फक्त बघायचा. आणि दर काही महिन्यांनी केएमएल फाइल, म्हणजे नकाशातल्या सगळ्या पिना-रेषांची प्रत, उतरवून स्वतःकडे ठेवा. पॅनोरामिओवर लोकांनी जगभरचे फोटो लावले होते, २०१६ मध्ये ते बंद झालं, २०१७ मध्ये गूगलचं मॅप मेकर, ज्यात लोक गूगलच्या नकाशात रस्ते-जागा भरायचे, बंद झालं. आजोबांनी दाखवलेला बांध असा कोणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून ठेवायचा नाही.

यंदाच्या पावसाळ्यासाठी नेरूळ, सीवूड्स, जुईनगर भागातली माणसं हवी आहेत. पाणी दिसलं की जागा, वेळ आणि घोटा की गुडघा, एवढ्या तीनच गोष्टींचा मेसेज मला इनबॉक्समध्ये टाका, फोटो असला तर उत्तम, नसला तरी चालेल. पिन मी लावते. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी जुनं माणूस असेल ज्याला इथली शेतं, बांध, विहिरी आठवतात, तर कळवा, रविवारी लॅपटॉप घेऊन येते.