१७ इंची की १६ इंची? हिवाळी टायरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'नव्या गाडीसाठी हिवाळी टायर' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमची नवी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि टायरवर 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आहे. असं असताना १७ इंची अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या) रिम उतरवून १६ इंची स्टीलच्या रिमवर अरुंद टायर चढवायला सांगणं म्हणजे लोकांना घाबरवून खर्चात पाडणं, असं तुम्हाला वाटतं. रुंद टायरची पकड जास्तच असते, आणि फार तर पुढचे दोन बदलले तरी भागेल, असंही तुम्ही लिहिलंय. शेवटी माझं 'पाच भोकं जुळली की झालं' हे वाक्य धोकादायक असल्याचं सांगितलंत.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं पूर्णपणे बरोबर आहे. ते वाक्य मी लेखातून काढून टाकलं आहे. पाच भोकांच्या दोन रिम शेजारी ठेवल्या, तर एकीच्या भोकांचं वर्तुळ ११२ मिलिमीटरचं आणि दुसरीचं ११४.३ चं असू शकतं. डोळ्यांना फरक कळत नाही. बोल्ट दोन-चार आटे धरतोसुद्धा, पण तिरका बसतो. मधलं भोकही हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, जुळावं लागतं. ते मोठं असेल तर कडी घालून भागतं, लहान असेल तर रिम बसणारच नाही. शिवाय 'ईटी ४५' असा जो आकडा रिमवर असतो, तो ऑफसेट, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू तिच्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे ते. तो बराच कमी निघाला तर चाक मडगार्डबाहेर डोकावतं, फार जास्त असेल तर आतल्या बाजूला घासतं.

बोल्टबद्दल मी लिहिलंच नव्हतं, आणि ती चूक मला जास्त लागली, कारण त्यातून मी स्वतः गेलो आहे. पहिल्यांदा स्टीलच्या रिम बसवून घेतल्या, तेव्हा गॅरेजवाल्याने अलॉयचेच बोल्ट परत लावले. चौथ्या दिवशी हळू वळताना डाव्या बाजूने टक्-टक् ऐकू यायला लागलं. थांबून चाकाला हात लावला तर दोन बोल्ट बोटांनी फिरत होते. अलॉयच्या बोल्टचं बूड गोलसर होतं आणि स्टीलच्या रिमची बैठक शंकूसारखी. दोघं जेमतेम एका बारीक कडेवर टेकत होते. तेव्हापासून रिमबरोबर तिचेच बोल्ट घेतो आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासतो.

आता जिथे माझं मत बदललेलं नाही, त्याकडे वळतो.

फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी बर्फातून सहज निघते, यात शंका नाही. पण ब्रेक कुठल्याही गाडीला चारही चाकांनाच असतात. त्यामुळे थांबताना तुमच्या गाडीला शेजारच्या साध्या गाडीपेक्षा काही जास्त मिळत नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे ती पकड नीट वापरते, नसलेली आणू शकत नाही. उलट निघताना चाक जराही घसरत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर. मला याचीच काळजी वाटते.

'एम प्लस एस' म्हणजे नक्षी चिखल-बर्फाच्या धाटणीची आहे, एवढं कंपनीने स्वतः सांगितलेलं. त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे १९९९ साली आलेलं चिन्ह मात्र बर्फावर ठरावीक टायरशी तुलना करूनच मिळतं. काही ऑल सीझन टायरवरही ते असतं. तुमच्या टायरवर असेल, तर माझा निम्मा आग्रह मी आत्ताच मागे घेतो.

खरा फरक रबरात आहे. पाणी गोठलेल्या सकाळी उन्हाळी टायरच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख रुतवून बघा, प्लास्टिकच्या बादलीसारखं लागेल. हिवाळी टायर दबतो, आणि त्यावरच्या केसासारख्या बारीक चिरा दाबाखाली उघडतात. ७ अंशांखाली हिवाळी टायर हवेत, असं मी लेखात लिहिलं होतं, पण रबर हळूहळू कडक होत जातं; त्या आकड्याला एकाएकी काही घडत नाही.

रुंदीचं म्हणाल, तर कोरड्या रस्त्यावर तुमचंच खरं. पण पाणी झालेल्या बर्फात आणि भुसभुशीत बर्फात अरुंद टायर खाली कापत जातो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. टायरच्या मापात रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत असते. २२५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, २०५/५५ आर १६ चा ६३२. म्हणजे स्पीडोमीटरला फरक जाणवत नाही, आणि टायरची बाजू उंच झाल्याने बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. फक्त १६ इंची रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवरून (चाकाच्या आत ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागावरून) बसते का, हे आधी बघायला हवं. काही गाड्यांना ती बसतच नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडाही, गाडीच्या कागदांत दिलाय त्याहून कमी चालत नाही. अलॉय आवडत असतील तर १७ इंचीच ठेवा, त्यावर खरे हिवाळी टायर चढवा. माझी काहीच हरकत नाही. दरवर्षी दोनदा टायर रिमवरून उतरवायचे आणि रस्त्यावरचं मीठ अलॉयवर घ्यायचं, एवढंच त्यात माझ्या मनाला पटत नाही.

दोनच टायर मात्र घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, अशा गाडीत उताराच्या वळणावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी मागची बाजू पुढे यायला निघते. अशा वेळी स्टिअरिंग सावरायला फारच थोडा वेळ हातात असतो.

गाडीच्या कागदांत मान्य मापांची यादी असते. ती मापं आणि आत्ताच्या टायरवर डोंगराचं चिन्ह आहे की नाही, एवढं कळवा. चाकांत हवेचे सेन्सर आहेत का, तेही लिहा. असतील तर नव्या रिमलाही लागतील. ऑर्डर देण्याआधी आपण मिळून मापं ताडून बघू.