प्रीफेच पुसून कॉम्प्युटर पळत नाही

ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: "दर रविवारी एवढं करा, जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल. डेस्कटॉप दहा वेळा रिफ्रेश करा. टेम्प आणि प्रीफेच रिकामं करा. डीफ्रॅग चालवा. रजिस्ट्री साफ करा. रॅम मोकळी करणारं सॉफ्टवेअर टाका. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन सगळे प्रोसेसर चालू करा. आणि दर सहा महिन्यांनी फॉरमॅट!" यातल्या दोन-तीन गोष्टींत थोडं तथ्य आहे. काही निव्वळ निरुपयोगी आहेत, आणि काहींनी कॉम्प्युटर उलट मंदावतो.

रिफ्रेशचं लगेच उरकू. त्याने डेस्कटॉपवरची आयकॉन पुन्हा काढली जातात, बस्स. मीही उगाच उजवं बटण दाबून रिफ्रेश करतो. नखं कुरतडण्यासारखीच सवय आहे ती.

प्रीफेचचं मात्र खरंच वाईट वाटतं. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, ही सोय आहे. एखादा प्रोग्राम सुरू होताना डिस्कवरून काय काय वाचतो याची नोंद विंडोज प्रीफेच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तेवढं सगळं आधीच उचलून आणतं. ते फोल्डर पुसणं म्हणजे दप्तर भरायची यादी फाडून टाकणं. पुढच्या वेळी प्रोग्राम उघडायला जास्तच वेळ लागतो, आणि विंडोज निमूटपणे नवी यादी लिहायला बसतं. शिवाय हे फोल्डर अमर्याद फुगतही नाही. नोंदी किती ठेवायच्या याची मर्यादा विंडोजच पाळतं.

टेम्प या फोल्डरमधल्या तात्पुरत्या फायली काढल्याने जागा मिळते, वेग नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तेव्हाच दोन्हींचा संबंध येतो. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हला, लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळी जागा कमी असली की आतल्या आत डेटाची हलवाहलव वाढते आणि लिहिणं मंदावतं. पण त्यासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये अशा फायली आपोआप काढणारी स्टोरेज सेन्स ही सोय आहे, रविवारचा मुहूर्त कशाला?

डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र आणणं, हा सल्ला हार्ड डिस्कच्या जमान्यातला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. फाइलचे तुकडे विखुरलेले असतील, तर प्रत्येक तुकड्यासाठी हेड हलणार आणि तबकडी फिरून येण्याची वाट बघणार. एसएसडीत हेड नाही, तबकडीही नाही. तिथे डीफ्रॅगने वेग वाढत नाही, डेटा साठवणाऱ्या पेशींची लिहिण्याची मर्यादित ताकद तेवढी खर्च होते. विंडोज ८ पासून विंडोजचं स्वतःचं साधन ड्राइव्ह ओळखून एसएसडीला ट्रिमचा, म्हणजे कुठली जागा आता वापरात नाही हे सांगणारा, आदेश देतं, आणि तेही मुळातच आठवड्यातून एकदा चालतं.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही. रजिस्ट्री क्लीनर "८०० चुका सापडल्या" असं लाल अक्षरांत ओरडतो. लाखो नोंदींच्या झाडात आठशे वाळकी पानं असली तर वेगात फरक पडत नाही. चुकून हिरवी फांदी तुटली तर मात्र प्रोग्राम उघडायचाच बंद होतो. मायक्रोसॉफ्टही या साधनांना पाठिंबा देत नाही.

रॅम क्लीनरची युक्ती साधी आहे. तो चालू प्रोग्रामना वापरातली मेमरी सोडायला लावतो, आलेख खाली येतो, आपण खूश. मग ब्राउझरवर परतलं की तोच डेटा परत गोळा करावा लागतो, पुष्कळदा डिस्कवरून. मोकळी रॅम काहीच काम करत नसते. म्हणून विंडोज मुद्दाम तिच्यात कॅश, म्हणजे पुन्हा लागू शकेल असा डेटा, भरून ठेवतं आणि गरज पडताच ती जागा सोडतं.

एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं हे ठरवायचं साधन. त्याचा मुद्दा सगळ्यात मजेशीर. तिथल्या "नंबर ऑफ प्रोसेसर्स"वर टिक केली नसेल, तर विंडोज सगळेच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, वापरतं. ती टिक म्हणजे मर्यादा आहे, कमी कोअरवर चाचणी घेणाऱ्यांसाठी. सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर काहीच बदलत नाही. उद्या जास्त कोअरचा प्रोसेसर बसवलात तर जुना आकडा आडवा येतो.

फॉरमॅटने फरक पडतो, नाकारत नाही. पण तो बहुतेक वेळा विंडोजसोबत आपोआप सुरू होणारी डझनभर सॉफ्टवेअर उडाल्यामुळे. ती टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये पाच मिनिटांत बंद होतात. तिथेच सीपीयू, मेमरी की डिस्क, नक्की काय शंभर टक्क्यांना टेकलंय ते आधी बघावं. मेमरी असेल तर रॅम वाढवा; हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला, तर तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि त्यावर सॉफ्टवेअर नव्हे, ब्रश लागतो.

मेसेजमध्ये साधं रीस्टार्ट मात्र नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाऊन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टने. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर "अप टाइम", म्हणजे शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासूनचा वेळ, असतो. रोज रात्री न चुकता शट डाऊन करत असाल, तरी तिथे बारा-पंधरा दिवस दिसू शकतात.