जुळे सोलापुरातील माजी सैनिकाच्या कैदेविषयी खुलासा

१९७१ ची लढाई अवघ्या तेरा दिवसांत संपली, मग आमच्या शेजारचे आजोबा वर्षभर पाकिस्तानच्या कैदेत कसे राहतील, असे विचारून त्यांना खोटे ठरवणारा जो मजकूर सध्या फिरतो आहे, तो चुकीचा आहे. पश्चिम आघाडीवर पकडले गेलेले आपले ६०० हून अधिक सैनिक डिसेंबर १९७२ मध्ये वाघा सीमेवरून परतले. आजोबा कैदेचे ठिकाण म्हणून सांगतात ते पाकिस्तानातले लायलपूर आज नकाशात सापडत नाही, कारण त्याचे नाव पुढे फैसलाबाद झाले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले, घडीवर विरलेले, युद्धकैद्यांसाठीचे रेडक्रॉसचे कार्ड मी स्वतः हातात घेऊन पाहिले आहे. सगळे पाकिस्तानी युद्धकैदीही त्याच वेळी सुटले, हे मात्र आजोबांचे म्हणणे बरोबर नाही. त्या कैद्यांची पाठवणी १९७४ पर्यंत चालली होती.