तेरा स्क्वाड्रन ‘नष्ट’ झालेल्या नाहीत

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाच्या मिग-२१ लढाऊ विमानाला निरोप दिला गेला आणि त्यानंतर पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागला. आमच्या धानोरीतल्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ४२ पैकी १३ स्क्वाड्रन नष्ट झाल्या, म्हणजे हवाई दलाचा तिसरा हिस्सा संपला, उरलेली सुखोई रशियाची, आपण नुसते नटबोल्ट आवळतो, आणि मिग-२१ तर भंगारच होतं. लोहगावच्या हवाई तळावरच्या विमानांच्या आवाजात लहानाची मोठी झाले, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

‘नष्ट’ हाच शब्द चुकीचा आहे. स्क्वाड्रन म्हणजे विमानं नव्हेत. स्क्वाड्रन म्हणजे एक क्रमांक, एक नाव, तिथली माणसं आणि त्यांच्या मागची परंपरा. जुनी विमानं गेली आणि नवी हाताशी नसली, तर तिची ‘नंबरप्लेट’ होते : माणसं इतरत्र जातात, क्रमांक राखून ठेवला जातो. १७ क्रमांकाची ‘गोल्डन अ‍ॅरोज’ मिग-२१ उडवायची. २०१६ मध्ये ती अशीच थांबली, २०१९ मध्ये अंबाल्याला पुन्हा उभी राहिली आणि पहिली राफेल तिलाच मिळाली. २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ मिग-२७ वाली. जानेवारी २०२० पासून तंजावरला ती ब्रह्मोस क्षेपणास्त्रवाली सुखोई उडवते. आणि पुणेकरांना तर लांब जायलाच नको. देशातली पहिली मिग-२१ स्क्वाड्रन, २८ क्रमांकाची, १९६३ मध्ये चंडीगडला सुरू झाली. १९८७ मध्ये तिने मिग-२९ घेतली ती इथे, लोहगावला. विमान गेल्यावर स्क्वाड्रन मरत असती, तर ती केव्हाच संपली असती.

शिवाय १३ चा खड्डा एका दिवसात पडलेला नाही. मिग-२३ गेली, डिसेंबर २०१९ मध्ये मिग-२७ गेली, मिग-२१ टप्प्याटप्प्याने गेली. सप्टेंबर २०२५ ला उरलेल्या दोनच स्क्वाड्रन थांबल्या, ३१ च्या २९ झाल्या.

आता ‘तिसरा हिस्सा’. ४२ आणि २९ हे आकडे फक्त लढाऊ स्क्वाड्रनचे आहेत. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं या हिशेबात येतच नाहीत. आणि मिग-२१ दोन टनांच्या आसपास शस्त्रं नेणारं, तर सुखोई आठ टन. अर्थात एक विमान एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून संख्या कमी पडते हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही.

सुखोईचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मूळ विमान रशियाचं, यात वाद नाही. १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० लोहगावला आली, आणि २७ सप्टेंबर २००२ ला याच तळावर २० क्रमांकाच्या ‘लायटनिंग्ज’मध्ये सुखोई-३० एमकेआय दाखल झाली. या ‘एमकेआय’मधला ‘आय’ भारतासाठीच आहे : मिशन कॉम्प्युटर आपला, काही उपकरणं फ्रेंच, काही इस्रायली. एकूण २७२ विमानांपैकी २२२ नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधली. इंजिनं ओडिशात कोरापुटला तयार होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा २४० इंजिनांचा २६ हजार कोटींचा करार झाला. काही भागांसाठी रशियावर अवलंबून राहावं लागतं हे खरं, पण याला नटबोल्ट आवळणं म्हणायचं, तर ओझरच्या कामगारांवर तो अन्याय आहे.

आणि भंगार? मिग-२१ चे अपघात खूप झाले, तरुण वैमानिक गेले. त्या घरांचं दुःख कोणी कमी लेखू नये. पण १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर हाउसवर पहिला हल्ला करणारी विमानं मिग-२१ होती, वर सांगितलेल्या २८ स्क्वाड्रनची. गव्हर्नरने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

चिंता करायची तर आपल्या स्वदेशी तेजस विमानाची करा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला. अमेरिकेहून येणारी इंजिनं रखडली आणि वेळापत्रक कोलमडलं. आणखी ९७ विमानांचा करार २५ सप्टेंबर २०२५ चा, मिग-२१च्या निरोपाच्या आदल्या दिवशीचा. १८० विमानं म्हणजे एका स्क्वाड्रनला अठरा या हिशेबाने दहा स्क्वाड्रन. ओझरच्या नव्या उत्पादन लाइनवरून पहिल्या तेजस मार्क १ए ने, म्हणजे तेजसच्या सुधारित प्रकाराने, १७ ऑक्टोबर २०२५ ला उड्डाण केलं. त्या लाइनची क्षमता वर्षाला ८ विमानं आहे, आणि नंबरप्लेट झालेले क्रमांक वाट पाहत आहेत.