सायटेशन जास्त म्हणजे उपचार सिद्ध, असं नसतं हो

तळजाईला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की अमेरिकेतले हृदय-संशोधक पिएरो अनवर्सांच्या रिसर्च पेपर्सना हजारो सायटेशन आहेत, म्हणजे तेवढ्या डॉक्टरांनी तपासून पास केलंय, स्टेम सेलनं (ज्यातून नव्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींनी) हार्ट नवं होतं, बायपास विसरा. तद्दन चुकीचं आहे हे.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला, बस, मग ते कौतुक असो की खोडून काढणं. 2001 मध्ये अनवर्सांच्या टीमनं नेचर या विज्ञान-नियतकालिकात छापलं की उंदराच्या हृदयात बोनमॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) पेशींपासून नवा स्नायू तयार झाला, 2004 ला त्याच नेचरमध्ये दोन वेगळ्या टीम म्हणाल्या आम्हाला तर असं काही दिसलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी दिलेला संदर्भही सायटेशनच्या आकड्यातच जमा!

पुढचं फॉरवर्डवाल्यानं सोयीस्कर गाळलंय. 2018 मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम हॉस्पिटलनं त्यांच्या लॅबचे 31 पेपर मागे घ्या म्हणून सांगितलं, कारण डेटा खोटा किंवा फेरफार केलेला.

आता हृदयाच्या पेशी अजिबात नव्या होत नाहीत असंही नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) पेशींच्या डीएनएत मोजून पेशी कधी बनली ते कळतं, तसं करून 2009 मध्ये स्वीडनच्या टीमनं दाखवलं, की पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याच्याही खाली. एवढ्यानं अटॅकनंतरचं नुकसान काही भरून निघत नाही.

तेव्हा ग्रुपवर ज्या काकांनी अँजिओग्राफी पुढे ढकलू का विचारलंय, त्यांनी प्लीज ढकलू नये, आपल्या डॉक्टरांशी बोलावं.